पुढचा जड आहे!

आमची कनू, म्हणजे वल्ह्याने चालवायची निमुळती होडी, गाळात रुतली. नदी शांत होती, हे आधीच सांगतो, कारण भेटेल तो तेच विचारतोय: ‘एवढ्या शांत नदीत अडकलात कसे?’ थंडीत पाणी उतरलं होतं, म्हणून. वळणाच्या आतल्या अंगाला प्रवाह मंदावतो आणि गाळ तिथे बसतो. खोल पाणी बाहेरच्या काठाने वाहतं. माझ्या मित्राला हे पाठ आहे. पण दोघांच्या कनूत पुढचा वल्ही मारून जोर लावतो आणि मागचा दिशा सांभाळतो. दिशा सांभाळणारा फोटो काढत बसलाय, हे पुढच्याला दिसत नाही.

तर रुतलो. काठावर एक गृहस्थ. कानटोपी, तिच्यावर मफलर, हात पाठीमागे.

"अडकली वाटतं?"

"हो."

"पाणी किती?"

"घोट्याएवढं."

"मग बुडत नाही." एवढं बोलून माणसाने निघावं. हे सरसावून उभे राहिले. "उतरा की मग."

"काका, पाणी फार गार आहे."

"घोट्याएवढंच आहे म्हणालात ना?"

मी त्यांना समजावलं, की पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने अंगातली ऊब ओढून घेतं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मग आलात कशाला?"

मागून मित्र हसला. काकांनी आता वल्ह्याकडे मोर्चा वळवला.

"याला एकाच बाजूला पातं कसं? दोन्हीकडे असतं ना?"

"ते कयाकचं. ही कनू आहे."

"मग कयाकच घ्यायची!"

थंड पाण्यात पडलात तर पहिलं मिनिटभर फक्त श्वास सांभाळा, त्यानंतर दहाएक मिनिटं हातपाय कामाचे राहतात, असं शिकवतात. चांगलं शिकवतात. पण गळ्यापर्यंत लाईफ जॅकेट आवळून घोटाभर पाण्यात बसलेल्या माणसाने काठावरच्या काकांचं काय करायचं, हे कुठल्याही प्रशिक्षणात नाही. खरं तर कनू चालवायला पाण्यापेक्षा काठाची तयारी जास्त लागते. पाणी निदान प्रश्न विचारत नाही.

"मागचे साहेब बरोबर बसलेत," काकांनी निकाल दिला. "पुढचा जड आहे. पुढच्याने उतरावं."

"बरोबर आहे काका," साहेब म्हणाले.

उतरलो. बूट पोटरीपर्यंत गाळात गेला, मोज्यात बर्फासारखं पाणी शिरलं आणि तोंडातून जो आवाज निघाला तो माझा नव्हता. कनू मात्र लगेच सुटली. साहेबांसकट सुटली आणि प्रवाहाबरोबर चालू लागली. एक पाय काढावा तर दुसरा रुतावा. काका टाळ्या वाजवत होते. "म्हटलं नव्हतं मी!"

बाकीची मंडळी मागून आली ती मोबाईल उगारूनच. फोटोत मित्र वल्हं आडवं धरून ताठ बसलाय, आणि मागे चिखलात मी, नारिंगी जॅकेटमध्ये. ‘याने वाट पाहायची सोडून उडीच मारली,’ असं तो सगळ्यांना सांगतो. आणि लोकांना ते पटतं! मागे बसलेला माणूस जात्याच जाणकार वाटतो, त्याला कोणी काही विचारत नाही.

पुढच्या खेपेला मी मागे बसणार, असं काल मी स्पष्ट सांगितलं. तर म्हणे जमणार नाही, मागे वजनदार माणूस लागतो, म्हणजे कनूचं तोंड पाण्यावर उचललेलं राहतं. तू हलका पडतोस.

गाळात जड आणि मागे हलका! काय ते एकदा ठरवा आणि कळवा म्हणावं. बूट अजून वाळलेले नाहीत.