काच नेमकं काय अडवते? ‘काचेआड ऊन लागत नाही’ या मेसेजला उत्तर

‘खिडकीची काच सगळी अतिनील किरणं अडवते, म्हणून घरात-गाडीत सनस्क्रीन नको, आणि बंद खिडकीशी ऊन खात बसलं तरी ड जीवनसत्त्व मिळतं,’ असा मेसेज पुन्हा फिरतोय. यातली दोन वाक्यं एकमेकांशीच जुळत नाहीत. त्वचेत ड जीवनसत्त्व बनतं ते अतिनील किरणांमुळेच. ती सगळी अडली, तर जीवनसत्त्व बनेल कशानं?

‘काच सगळी अतिनील किरणं अडवते.’ नाही. जमिनीवर पोचणारी अतिनील किरणं दोन प्रकारची: यूव्हीबी (तरंगलांबी ३१५ नॅनोमीटरपर्यंत) आणि यूव्हीए (३१५ ते ४००). साधी काच यूव्हीबी जवळपास पूर्ण शोषून घेते, एवढं बरोबर. पण यूव्हीएचा मोठा भाग आरपार येतो आणि आपल्यापर्यंत पोचणाऱ्या अतिनील किरणांत सुमारे ९५ टक्के वाटा यूव्हीएचाच असतो.

‘त्वचा लाल होत नाही, म्हणजे काही येत नाही.’ लाली मुख्यतः यूव्हीबीमुळे येते, म्हणून ती काचेआड दिसत नाही. यूव्हीए खोलवर जाऊन सुरकुत्या आणि डाग वाढवतं, तेही काही न जाणवता. २०१२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ६९ वर्षांच्या एका ट्रकचालकाचं छायाचित्र छापून आलं. त्यानं २८ वर्षं ट्रक चालवला होता. चेहऱ्याची खिडकीकडची डावी बाजू जाड, खोल सुरकुत्यांची. उजवी बरीच तरुण. ते छायाचित्र जरूर शोधून पाहा.

‘गाडीत तर प्रश्नच नाही.’ पुढच्या काचेपुरतं हे चालेल. ती दोन काचांची असते आणि मधला प्लॅस्टिकचा थर जवळपास सगळं यूव्हीए अडवतो. बाजूच्या काचांत बहुधा हा थर नसतो. कुठली काच किती अडवेल, हे गाडीगणिक बदलतं. उन्हात काळा होणारा चष्मा असेल तर स्वतः बघा: बहुतेक असे चष्मे पुढच्या काचेमागे काळे होतच नाहीत, पण घराच्या बंद खिडकीत उन्हात ठेवले की गडद होऊ लागतात. गाडीच्या काचेच्या काळेपणावरही जाऊ नका. काचेवर लावलेली पारदर्शक फिल्मसुद्धा यूव्हीए अडवू शकते.

‘बंद खिडकीशी बसून ड जीवनसत्त्व मिळतं.’ मला सर्वांत काळजी वाटते ती या वाक्याची. त्यासाठी यूव्हीबी लागतं आणि काच नेमकं तेच गिळते. घरातल्या आजी-आजोबांना रोज काचेआड बसवून कमतरता भरून निघतेय असं समजलात, तर उपचार लांबतील. ऊन घ्यायचंच असेल तर खिडकी उघडा किंवा अंगणात बसा, आणि कमतरता निघाली असेल तर डॉक्टरांनी दिलेलं औषध बंद करू नका.

कामाचं टेबल खिडकीला लागून असेल, तर सनस्क्रीन घेताना नुसता एसपीएफ पाहू नका. तो मुख्यतः लालीपासूनचं संरक्षण सांगतो. ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ किंवा ‘पीए’पुढच्या अधिकच्या (+) खुणा बघा. यूव्हीएचा हिशोब तिथे असतो.