संगणक सगळ्या चाली कुठे तपासतो?

बुद्धिबळातलं 'चार चालींत मात' हे कोडं सोडवताना संगणक प्रत्येक चाल तपासतो, असं एका लेखात म्हटलंय. तसं नाही हो. पांढऱ्याला मात देणारी एकच चाल सापडली की पुरे; काळ्याचे मात्र सगळे बचाव मोडावे लागतात. म्हणून ज्या चालीनंतर काळ्याच्या राजाला पळायला एखादंच घर उरतं, ती फांदी (चालींचा तो पुढचा क्रम) आधी तपासायची. १९९४ साली ॲलिस आणि सहकाऱ्यांनी मांडलेला प्रूफ-नंबर सर्च (चाली शोधण्याची एक पद्धत) नेमकं हेच मोजतो: मात सिद्ध करायला अजून किमान किती टोकं (फांद्यांच्या शेवटच्या स्थिती) बाकी आहेत. शहामागून शह असला की तो सुसाट. पहिलीच चाल शह न देणारी निघाली (कोड्यांत बहुधा तीच!) की रखडतो. आणि झुगझ्वांग, म्हणजे कुठलीही चाल केली तरी नुकसानच, पण चाल करावीच लागते अशी स्थिती? तिथे 'नल मूव्ह' छाटणी (आपली चाल सोडूनही स्थिती चांगलीच राहिली, तर ती फांदी पुढे न तपासणं) वापरणारी इंजिनंही, म्हणजे बुद्धिबळ खेळणारे प्रोग्रॅमही, कधीकधी फसतात, कारण 'चाल सोडून दिली तर' हा त्यांचा हिशोबच तिथे उलटा पडतो.