कडी, नग १

आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर माझी निवड झाली, कारण पालकसभेला मी नव्हतो. जे होते ते सगळे हुशार. संध्याकाळी पोरगं घरी येऊन म्हणालं, "पप्पा, तुम्ही अध्यक्ष झालात. गुरुजींनी सहीला बोलावलंय."

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार समितीत ७५ टक्के पालक लागतात आणि निम्म्या महिला. आमच्याकडे महिला आहेत. रजिस्टरात. पहिल्या मिटिंगला त्यांच्या खुर्च्यांवर त्यांचे नवरे बसले होते. "ती खुरपायला गेलीय," म्हणाले. शाळेवर देखरेख, अनुदानाचा हिशोब, तीन वर्षांचा विकास आराखडा, एवढं सगळं आम्ही बघायचं असतं. मी आपला खिचडीपासून सुरुवात केली. चव घेऊन वहीत प्रामाणिकपणे 'मीठ कमी' लिहिलं. शिजवणाऱ्या बाई नात्यानं माझ्या चुलतसासू. त्या रात्री घरी मला आमटीच बिनमिठाची मिळाली. तेव्हापासून शेरा एकच: 'चव उत्तम'.

मग गेटचा रंग. भगवा म्हटलं की एक गट उठायचा, निळा म्हटलं की दुसरा, हिरव्याचं तर नावच काढायचं नाही. दीड तासानं करडा मंजूर झाला. करड्याला गावात अजून पक्ष नाही.

तेवढ्यात विद्यार्थी प्रतिनिधी, सातवीतली पोरगी, उभी राहिली. "मुलींच्या संडासाला आतून कडी नाही. एकीनं बाहेर दार धरायला लागतं."

सगळे गप्प. विषयपत्रिकेत नव्हतं. पुढच्या मिटिंगला घेऊ, असं ठरलं. पुढच्या मिटिंगला कोरम भरला नाही. त्याच्या पुढच्या मिटिंगला तीन दरपत्रकं मागवायचं ठरलं. कडीची!

शेवटी मीच बाजारातून साठ रुपयांची कडी आणली आणि रविवारी जाऊन ठोकली. सोमवारी गुरुजी हवालदिल. "अध्यक्ष, ठराव नाही, बिल नाही, ही कडी मी दाखवू कुठं?" बराच खल होऊन 'लोकसहभाग: कडी, नग १' अशी नोंद झाली. सूचक, अनुमोदक, टाळ्या. एका नवरोबांनी देणगीदारांच्या फलकाचाही विषय काढला.

पोरगी परत उभी राहिली.

"काका, एक स्क्रू ढिला आहे."

सगळी समिती माझ्याकडे बघायला लागली.