बाळ जन्मतःच पोहते काय? एका लोकप्रिय दाव्याचा प्रतिवाद

काही सेकंदांची चित्रफीत आणि तिच्याखाली चार-पाच ओळींचा मजकूर, अशा रूपात हा दावा गेली अनेक वर्षे फिरतो आहे. चित्रफितीत चार-पाच महिन्यांचे बाळ डोळे उघडे ठेवून निळ्या पाण्याखालून सरकताना दिसते. मजकूर सांगतो की, नऊ महिने पाण्यात राहिल्यामुळे प्रत्येक बाळ जन्मतःच पोहू शकते. पाण्यात सोडताच ते आपोआप श्वास रोखते आणि हातपाय मारते. ही निसर्गदत्त शक्ती सहा महिन्यांनंतर नाहीशी होते. म्हणून त्याआधीच बाळाला पाण्यात उतरवले, तर ते पुढे कधी बुडत नाही. ही साखळी एका दमात वाचली की पटते. तिच्यातली निरीक्षणे बरीचशी खरी आहेत, चित्रफीतही बहुधा खरीच असते; परंतु त्यांतून काढलेले निष्कर्ष जवळजवळ सगळे चुकीचे आहेत आणि शेवटचा तर जिवावर बेतू शकेल असा आहे.

पहिला मुद्दा गर्भाचा. गर्भजलात बाळ असते हे खरे, पण तिथे ते पोहत नसते आणि श्वास रोखूनही नसते. त्याला लागणारा प्राणवायू वारेतून आणि नाळेतून येतो; फुप्फुसांकडे तेव्हा हे काम नसतेच, ती स्वतःच स्रवलेल्या द्रवाने भरलेली असतात आणि हृदयातून निघणारे बहुतेक रक्त त्यांना वळसा घालून जाते. गर्भ छातीच्या श्वासासारख्या हालचाली करतो, परंतु त्या हालचालींनी हवा नव्हे तर हाच द्रव आतबाहेर होतो. प्रसूतीच्या वेळी ही सगळी मांडणी उलटते: फुप्फुसांतला द्रव शोषला जातो, हवा भरते, हृदयातली वळसा घालणारी वाट बंद होऊ लागते आणि नाळ कापल्यावर प्राणवायूचा दुसरा कोणताही मार्ग उरत नाही. त्या क्षणापासून बाळ आपल्याइतकेच हवेवर अवलंबून असते. पाण्याखालच्या क्षमतेचा पुरावा म्हणून गर्भातल्या वास्तव्याकडे बोट दाखवणे म्हणजे ती नाळ अजून जोडलेली आहे असे गृहीत धरणे होय.

दुसरा मुद्दा श्वास रोखण्याचा. तो नीट समजून घेतला पाहिजे, कारण इथे विज्ञान खरोखरच रंजक आहे आणि दाव्याची सारी भिस्तही यावरच आहे. बाळाचा चेहरा पाण्याखाली गेल्यावर दोन वेगवेगळ्या प्रतिक्षिप्त क्रिया घडतात. एकीला डायव्हिंग रिफ्लेक्स म्हणतात. कपाळ, डोळे आणि नाकाभोवतीच्या त्वचेला पाण्याचा, विशेषतः गार पाण्याचा, स्पर्श झाला की चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल चेतातंतूमार्फत मेंदूच्या बुंध्याला संदेश जातो. श्वसन थांबते, हृदयाचे ठोके मंदावतात आणि हातापायांतल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावून रक्त मेंदू व हृदयाकडे राखले जाते. ही क्रिया सील, उंदीर आणि माणूस अशा सर्व सस्तन प्राण्यांत आढळते. दुसरी क्रिया स्वरयंत्राची आहे. पाणी घशात खोलवर पोहोचले की स्वरयंत्र मिटते, बाळ गिळू लागते आणि श्वास थांबतो. मोठ्या माणसाला अशा वेळी ठसका लागतो. तान्ह्या बाळात ठसक्याऐवजी श्वास थांबण्याची क्रिया प्रबळ असते, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळात तर ती इतकी लांबू शकते की तिचीच बालरोगतज्ज्ञांना काळजी वाटते.

आता हे लक्षात घ्यावे की, या दोन्ही क्रियांत बाळाने काहीही ठरवलेले नसते. पोहणारा माणूस पाण्यात जाण्याआधी श्वास भरून घेतो, किती वेळ आत राहायचे याचा अंदाज ठेवतो आणि योग्य क्षणी तोंड वर काढतो. बाळाचा श्वास मात्र चेहऱ्याला पाणी लागले त्या क्षणी जिथे असेल तिथे अडकतो. छाती भरलेली असो वा रिकामी. शिवाय त्याची शिल्लक फार थोडी असते. वजनाच्या प्रमाणात पाहिले तर तान्ह्या बाळाला मिनिटाला मोठ्या माणसाच्या सुमारे दुप्पट प्राणवायू लागतो, आणि फुप्फुसांतला साठा लहान असतो. त्यामुळे रोखलेला श्वास त्याला फार काळ पुरत नाही. प्रतिक्षिप्त क्रियेचा जोर ओसरला की पुढचा श्वास घेतला जातोच, मग भोवती हवा असो की पाणी. चित्रफीत नेमकी या क्षणाच्या आधी संपते.

मराठी घरांत या क्रियेची ओळख पोहण्याच्या तलावापेक्षा न्हाणीघरात आधी होते. बाळाला पायांवर आडवे घेऊन न्हाऊ घालणाऱ्या बाईने डोक्यावरून तांब्या ओतला की बाळ क्षणभर स्तब्ध होते, मग जोरात श्वास घेऊन रडते. अनुभवी बाई कपाळावर तळहात आडवा धरून पाणी चेहऱ्यावरून ओघळू देत नाही, आणि तिचे हे करणे या मजकुरांपेक्षा अधिक शास्त्रशुद्ध आहे. बाळांना पाण्याखाली नेणारे प्रशिक्षक बुडवण्याआधी चेहऱ्यावर फुंकर घालतात, तीही हाच श्वास अडकवण्यासाठी; म्हणजे चित्रफितीत जे ‘आपोआप’ दिसते त्यामागे क्षण साधणारा मोठा माणूस चौकटीबाहेर उभा असतो.

तिसरा मुद्दा हातपाय मारण्याचा. याचा पहिला पद्धतशीर अभ्यास न्यूयॉर्कमधील बालविकासाच्या अभ्यासक मर्टल मॅक्ग्रॉ यांनी केला आणि तो १९३९ साली प्रसिद्ध झाला. गंमत अशी की, दाव्याच्या समर्थनार्थ ज्या अभ्यासाचा हवाला दिला जातो तो हाच; मात्र तो पूर्ण वाचलेला दिसत नाही. मॅक्ग्रॉ यांनी ११ दिवसांपासून अडीच वर्षांपर्यंतच्या ४२ मुलांचे पाण्यातले वर्तन नोंदवले, त्याचे चित्रीकरण केले आणि त्यात तीन टप्पे दाखवले. पहिल्या काही महिन्यांत पाण्यात पालथे धरलेले बाळ हातापायांची लयबद्ध हालचाल करते, धड डावी-उजवीकडे वळवते आणि त्या जोरावर थोडे अंतर पुढे सरकतेही. दावा इथे थांबतो. मॅक्ग्रॉ थांबल्या नाहीत. बाळाला श्वासासाठी डोके पाण्याबाहेर काढता येत नाही, ही त्याच्या स्वतंत्र पोहण्यातली मोठी अडचण त्यांनी स्पष्टपणे नोंदवली, आणि अशीच हालचाल इतर सस्तन प्राण्यांच्या पिल्लांतही दिसते हेही सांगितले.

या अडचणीचे कारण शरीररचनेत आहे. नवजात बाळाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या जवळपास एक चतुर्थांश असते, आणि मान धरायला त्याला तीन-चार महिने लागतात. तीही जमिनीवर, आधार घेऊन. पाण्यात पालथे असताना इतके जड डोके मागे उचलायचे, ते वर असताना श्वास घ्यायचा आणि पुन्हा खाली जाण्याआधी तो थांबवायचा, ही तिन्ही कामे एकमेकांशी जुळवावी लागतात. पोहणे म्हणतात ते या जुळणीला. हातपाय हलणे हा त्यातला सर्वांत सोपा भाग असून, तेवढ्यावरून बाळाला पोहता येते म्हणणे पाळण्यात पाय झाडणाऱ्या बाळाला चालता येते म्हणण्यासारखे आहे. बाळाच्या अंगावर चरबी असते म्हणून ते तरंगते, असेही जोडून सांगितले जाते. शरीर तरंगणे आणि नाक-तोंड पाण्यावर राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पालथे तरंगणारे बाळ बुडतच असते.

चौथा मुद्दा, ‘सहा महिन्यांनंतर शक्ती जाते’. मजकुरातली ही घाई पालकांना सर्वाधिक लागते, कारण हातून काहीतरी निसटते आहे असे तिने वाटू लागते. वास्तविक डायव्हिंग रिफ्लेक्स सहाव्या महिन्यात संपत नाही. तो बाल्यात अधिक तीव्र असतो, पुढे सौम्य होतो, परंतु आयुष्यभर राहतो. दम रोखून खोल बुडी मारणाऱ्या प्रौढांचे ठोके मंदावतात ते त्यामुळेच. डॉक्टर त्याचा उपयोगही करतात. तान्ह्या बाळाच्या हृदयाची गती एका विशिष्ट विकारात अतिशय वाढते, तेव्हा रुग्णालयात त्याच्या चेहऱ्यावर काही सेकंद बर्फाची पिशवी ठेवून हाच रिफ्लेक्स जागवला जातो आणि ठोके पूर्ववत आणता येतात.

मावळते ती हातापायांची लयबद्ध हालचाल. मॅक्ग्रॉ यांच्या दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे साधारण चौथ्या महिन्यानंतर, बाळ पाण्यात उताणे वळू पाहते, धडपडते, धरणाऱ्याचा हात पकडते, अधिक पाणी गिळते आणि खोकते. याला शक्ती जाणे म्हणता येत नाही. मेंदूचे वरचे भाग कामाला लागल्याने जुन्या प्रतिक्षिप्त हालचालींची पकड सुटत असते, आणि तिसऱ्या टप्प्यातल्या हेतुपूर्वक हालचाली त्यानंतरच येऊ शकतात. बालविकासाच्या अभ्यासक एस्थर थेलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली दाखवलेली एक गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. उभे धरल्यावर पावले टाकण्याची नवजात बाळाची क्रिया काही आठवड्यांत दिसेनाशी होते; पण त्याच बाळाला छातीपर्यंत कोमट पाण्यात धरले की पावले पुन्हा पडू लागतात, कारण मधल्या काळात पाय जड झालेले असतात आणि पाणी तो भार पेलते. म्हणजे ‘नाहीशी झाली’ असे वाटणारी प्रत्येक क्रिया नाहीशी झालेलीच असते असेही नाही. सरावाने अशा काही क्रिया अधिक काळ टिकवता येतात हे मान्य. परंतु टिकवलेली प्रतिक्षिप्त क्रिया पुढे पोहण्याचे कौशल्य बनते, याला आधार नाही.

राहिला शेवटचा मुद्दा, ‘असे बाळ कधी बुडत नाही’. अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१० साली पोहण्याच्या शिकवणीचे वय चार वर्षांवरून एका वर्षापर्यंत खाली आणले, म्हणजे ही संघटना लवकर शिकवण्याच्या विरोधात नाही. परंतु एका वर्षाखालील बाळांना शिकवल्याने बुडण्याचा धोका कमी होतो याचा पुरावा नाही, असे तिने २०१९ मध्येही नमूद केले. वय खाली आणण्यामागे २००९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास होता. त्यात १ ते ४ वर्षे वयाच्या मुलांमध्ये औपचारिक शिकवणीचा संबंध बुडण्याचा धोका ८८ टक्क्यांनी कमी असण्याशी आढळला. मात्र बुडालेल्या मुलांची संख्या कमी असल्याने प्रत्यक्ष परिणाम अगदी किरकोळ ते जवळपास संपूर्ण असा कुठेही असू शकतो, असे तोच अभ्यास सांगतो. आणि तो तान्ह्या बाळांबद्दल काहीच सांगत नाही.

बाळाला वारंवार पाण्याखाली नेण्याचे तोटे मात्र नोंदलेले आहेत. गिळलेले पाणी साठले की रक्तातले सोडियम घसरते, कारण तान्ह्या बाळाचे मूत्रपिंड जास्तीचे पाणी झटकन बाहेर टाकू शकत नाही. पोहण्याच्या शिकवणीनंतर एका बाळाला या कारणाने झटके आल्याची नोंद १९८३ साली ‘पेडियाट्रिक्स’ या नियतकालिकात आली. शरीराच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ मोठे असल्याने बाळ गारठतेही लवकर. आपल्याकडच्या शहरांतही आता ‘बेबी स्पा’मधून दिसणारी, गळ्याभोवती लावायची हवेची रिंग याच दाव्याच्या आधारावर खपते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जून २०२२ मध्ये एका बाळाच्या मृत्यूचा आणि दुसऱ्याला रुग्णालयात ठेवावे लागल्याचा उल्लेख करून, उपचार म्हणून, विशेषतः विकासात अडचणी असलेल्या बाळांसाठी, ती वापरू नये असा इशारा दिला. आई-वडिलांच्या हातात, कोमट पाण्यात, तोंड पाण्याबाहेर ठेवून बाळाने खेळण्याला या कशाचीच आडकाठी नाही. ते खेळणे आनंदाचे आहे, आणि त्याला आनंदाखेरीज दुसरे कारण कशाला हवे?

‘पूर्वी आपल्याकडे मुलांना विहिरीत टाकूनच शिकवत’ असे या मजकुराच्या मराठी आवृत्तीत कोणीतरी हमखास जोडतो. विहिरीत शिकवत हे खरे, पण ते धावत्या-खेळत्या वयाच्या मुलांना, पाठीला डबा किंवा सुका भोपळा बांधून, आणि पट्टीचा पोहणारा शेजारी असताना. तान्ह्या बाळाशी त्याचा संबंध नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मरण पावली, आणि त्यांतली जवळपास एक चतुर्थांश पाच वर्षांखालची मुले होती. या वयात काय उपयोगी पडते याचे उत्तर बांगलादेशातून मिळाले आहे. तिथल्या खेड्यांत आई कामात गुंतलेली असते त्या सकाळच्या तासांत १ ते ५ वर्षांच्या मुलांना सांभाळणारी ‘आंचल’ पाळणाघरे चालवली गेली, तेव्हा त्या मुलांमधले बुडण्याचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. पोहण्याचे शिक्षण त्याच कार्यक्रमात चार वर्षांपुढच्या मुलांसाठी राखलेले होते. रांगत्या बाळाला तर तळेही लागत नाही: बादलीत वाकून पाहताना डोक्याच्या भाराने ते उलटे पडते आणि त्याला स्वतःहून बाहेर येता येत नाही. म्हणून न्हाणीघरातल्या बादल्या रिकाम्या ठेवणे, जमिनीलगतच्या टाकीला झाकण असणे, शेततळ्याला कुंपण असणे, आणि पाण्यात असलेल्या बाळापासून मोठे माणूस हाताच्या अंतराबाहेर न जाणे, हेच उपाय या वयासाठी सांगितले जातात.