ओपीडीत दारू सुटते का?

"ओपीडीत जाऊन कधी कुणाची दारू सुटलीय का? सहा महिने कोंडून ठेवा, झक मारत सुटते," विन्यानं निकाल देऊन टाकला.

मेघा व्यसनमुक्तीत समुपदेशक, ती गप्प बसणं शक्यच नव्हतं. "कोंडल्यावर बाटली लांब राहते, तलफ नाही. बाहेर आला की तेच मित्र, तोच पगाराचा दिवस. ओपीडीतला माणूस हे सगळं भोगत असतो आणि पुढच्या भेटीत सांगतो, शुक्रवारी सातला कासावीस झालो. मग त्या शुक्रवारचं काय करायचं ते ठरवता येतं."

"म्हणजे दाखल करायचंच नाही?" सुहास.

"असं कुठं म्हणाले? रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर काही तासांत हात थरथरतात. पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते, मग भ्रम. आधी कधी फिट आली असेल, घरी लक्ष ठेवणारं कुणी नसेल, तर आधी दाखलच. बाकी बऱ्याच जणांना वरचेवर तपासून, थरथर आवरणाऱ्या गोळ्यांचा डोस उतरवत, बी-१ जीवनसत्त्व देऊन घरीच सांभाळता येतं."

"गोळ्या म्हणजे जेवणात गुपचूप कालवतात त्या?"

मेघा भडकलीच. "त्या वेगळ्या, ती डायसल्फिराम! वर दारू पडली की चेहरा लालबुंद, धडधड, उलट्या, बीपी खाली. जीवही जाऊ शकतो. ती घेणाऱ्याला माहीत असलीच पाहिजे, त्या धाकावरच तर चालते." नाल्ट्रेक्सोन या गोळीचं वेगळं, ती ओढच कमी करते. अमेरिकेत दारूसाठी तिला १९९४ साली मान्यता मिळाली.

सुहासची शंका हेरॉइनवाल्यांबद्दल होती. "त्यांना ब्युप्रेनॉर्फिन देतात म्हणे, अफूच्याच जातीचं औषध. एक नशा जाऊन दुसरी?"

"नीट डोसवर माणूस झिंगत नाही. टर्की, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास, लागत नाही, कामावर जातो. उलट कोंडून कोरडा केलेल्याची सहनशक्ती उतरलेली असते. सुटल्यावर जुन्याच मापानं घेतलं, की श्वास थांबतो."

मला हा मुद्दा सगळ्यांत वजनदार वाटला. विन्याही जरा नरमला, पण हट्ट सुटेना. "बरं, सहा नको. महिनाभर तरी आत ठेवा."

"ठेव की. फक्त एकतिसाव्या दिवसाची ओपीडीची वेळ आत्ताच घेऊन ठेव."