गर्द सोडणाऱ्याच्या खात्यात पैसे? खुलासा

‘गर्द (ब्राउन शुगर) सोडणाऱ्याला सरकार रोख अनुदान देतंय, आधार आणि पासबुकाची झेरॉक्स द्या’ असा मेसेज रत्नागिरी-मालवणच्या ग्रुपांवर फिरतोय. साफ खोटं. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाचं अनुदान जातं ते व्यसनमुक्ती केंद्र चालवणाऱ्या नोंदणीकृत संस्थांना. त्यातून डॉक्टर, समुपदेशक, औषधं, जेवण यांचा खर्च भागतो. रुग्णाच्या हाती रोकड येत नाही, आणि तेच बरं. हातात पैसा खुळखुळला की तलफ उठते, हे घरच्यांना वेगळं सांगायला नको. त्याला मिळतात मोफत उपचार. सरकारी ओएसटी केंद्रात, म्हणजे गर्दच्या जागी देखरेखीखाली औषध देतात तिथे, तलफ आवरणाऱ्या ब्युप्रेनॉर्फिन या औषधाची गोळीसुद्धा बहुधा नर्ससमोरच जिभेखाली विरघळवायची असते. झेरॉक्स किंवा ओटीपी दिला असेल, तर आजच बँक गाठा. जवळचं केंद्र विचारायला हेल्पलाइन आहे: १४४४६.