क्वायरची ऑडिशन आणि आपली गाणारी मुलं

दर वर्षी एप्रिल-मे महिन्यात हायस्कूलच्या क्वायरच्या (शाळेतल्या वरच्या-खालच्या गायनवृंदांच्या) याद्या लागल्या की माझा फोन वाजायला लागतो. मी इथे टेक्सासमध्ये आपल्या मुलांना गाणं शिकवते, त्यामुळे आईबाबांचं दुःख आधी माझ्यापर्यंत पोचतं. "ताई, इतकी वर्षं शिकतेय ती, गणेशोत्सवात दर वर्षी गाते, आणि तिला खालच्या क्वायरमध्ये टाकलं. जिचा गळा हिच्या निम्म्यानेही तयार नाही ती मुलगी वर गेली." काहींना वाटतं की आपली मुलं भारतीय दिसतात म्हणून डावलली जातात. तसं कुठेच होत नसेल असं मी म्हणणार नाही. पण जेवढ्या ऑडिशन मी जवळून पाहिल्या आहेत, त्यांत कारण बहुतेक वेळा गाण्यातच होतं, आणि ते दुरुस्त होण्यासारखं होतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी एक गोष्ट मनात पक्की करू या. क्वायरची ऑडिशन ही गाण्याची स्पर्धा नव्हे. डिरेक्टरला पन्नास-साठ गळ्यांतून एक आवाज घडवायचा असतो. त्या पाच-सात मिनिटांत तो पियानोवर एकेक सूर चढवत नेतो आणि आवाज कुठवर सहज जातो ते बघतो, मग तसाच खाली उतरतो. चार-पाच स्वरांचे तुकडे वाजवून ते परत म्हणायला लावतो. एखादं अगदी साधं गाणं साथीशिवाय गायला सांगतो, कारण शेवटी सूर उतरलाय का ते त्याला ऐकायचं असतं. आणि मग समोर आधी न पाहिलेल्या सुरावटीचा, पाच रेघांच्या पाश्चात्त्य स्वरलिपीतला आठेक मापांचा (तालाच्या छोट्या भागांचा) कागद येतो. तीस सेकंद बघायला मिळतात आणि गायचं. तान, हरकत, मुरकी यांना तिथे कुठे जागाच नाही. ज्यासाठी आपण गणेशोत्सवात टाळ्या वाजवतो त्यातलं फारसं काही तो विचारतच नाही.

आता आपल्या मुलींच्या आवाजाबद्दल. याबद्दल कुणी बोलत नाही याची मला खरोखर खंत आहे. आपण मुलींना काळी चार किंवा काळी पाचमध्ये (पेटीच्या त्या काळ्या पट्टीला सा मानून) शिकवतो. काळी चारचा तार षड्ज ही आपल्याकडे वरची जागा. तिथून गंधार-मध्यमापर्यंत गेलं की आपण खूश होतो. पण तोच तार षड्ज हायस्कूलच्या सोप्रानोसाठी (मुलींतल्या सर्वांत उंच आवाजासाठी) मधला सूर आहे. तिला त्याच्याही वर आणखी एक सप्तक चढून जावं लागतं! इतकं वर छातीच्या आवाजाने जाताच येत नाही. त्यासाठी डोक्यात घुमणारा हलका आवाज लागतो आणि तो आमच्यासारखे शिकवणारे मुलींना वापरूच देत नाहीत. "पोकळ लागतोय, खोटा आवाज काढू नकोस" असं म्हणून आपण तो लहानपणीच दाबतो. मग ऑडिशनमध्ये मुलगी एका सुरापाशी येऊन अडकते, तिला आल्टोत, म्हणजे मुलींच्या खालच्या आवाजात बसवतात, आणि आल्टोत तर आधीच गर्दी असते. खयालाच्या गायकीसाठी छातीचा भरदार आवाज हवाच, त्यावर माझं दुमत नाही. पण पंधरा वर्षांच्या मुलीला तिच्या गळ्याचा अर्धा भाग अनोळखी राहावा हे मला मान्य नाही.

मुलग्यांचं जरा सोपं आहे. आवाज फुटून स्थिरावला असेल तर टेनर आणि बास (मुलग्यांचे उंच आणि खालचे आवाज) सगळ्या शाळांना हवेच असतात.

दुसरी अडचण स्वर लावण्याची. आपल्याकडे स्वर कण (शेजारच्या स्वराचा स्पर्श) घेऊन येतो, मींडेने (घसरत) येतो, आणि तेच त्याचं सौंदर्य आहे. क्वायरमध्ये मात्र वीस मुली एकच सूर खालून घसरत घसरत गाठू लागल्या तर तो सूर कुणालाच सापडत नाही. म्हणून तिथे स्वर थेट, उभा लावावा लागतो. हे आपल्या मुलांना जमतं, कारण आकाराचा रियाज, खर्जाचा रियाज यांत एकच स्वर हलू न देता धरून ठेवायला आपण शिकवलेलं असतंच. फक्त त्यांना सांगावं लागतं की इथे गाताना रागातला नव्हे, रियाजातला स्वर लाव.

आणि आपल्या मुलांकडे जे आहे ते इथल्या पुष्कळ मुलांकडे नाही, हेही अभिमानाने सांगते. पियानोचा गंधार शुद्ध ५:४ प्रमाणातल्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंटने चढा असतो (अर्ध्या स्वराचे १०० सेंट). चांगलं क्वायर पियानोशिवाय गातं तेव्हा त्याचा मेजर कॉर्ड (सा-ग-प एकत्र) त्या शुद्ध गंधारावर येऊन विसावतो आणि सगळी खोली एकदम घुमायला लागते. हा गंधार आपल्या मुलांनी तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप उमटताना ऐकलेला असतो. जुळलेल्या तानपुऱ्यासमोर वाढलेलं मूल शेजारच्याचा सूर ऐकून आपला सूर हलकेच जुळवून घेतं. डिरेक्टर लोक असं मूल शोधत असतात. पण ते मूल त्या खोलीत घाबरून जोरजोरात गात असेल तर हा कान त्यांना कळणार कसा?

सर्वांत जास्त मुलं अडतात ती कागदावर. टेक्सासमध्ये दर वसंतात यूआयएल या शालेय स्पर्धा घेणाऱ्या संस्थेच्या मूल्यमापनात शाळेच्या अख्ख्या क्वायरला परीक्षकांसमोर कधीही न पाहिलेलं गाणं वाचून गावं लागतं आणि त्याचा शेरा वेगळा मिळतो. मग डिरेक्टर वाचता येणारी मुलं निवडणार नाही तर काय करणार? आपल्या मुलांना इथे भीती वाटायचं खरं तर कारण नाही. इथल्या बहुतेक शाळांतला डो (डो-रे-मी या स्वरनावांतला पहिला) हा ठरलेल्या पट्टीतला नसतो. गाणं ज्या पट्टीत, तिथे डो, म्हणजे सरळ आपला सा. गोंधळ होतो तो मायनरमध्ये (कोमल गंधाराच्या स्वरमालेत), कारण तिथे बहुतेक शिक्षक ला, म्हणजे सहावा स्वर, हा आधारस्वर धरतात. मी मुलांना सांगते, बिलावलचे स्वर घ्या आणि धैवताला षड्ज माना, आसावरी थाटाचे स्वर मिळतील. मूर्च्छना (त्याच स्वरांत आधारस्वर बदलणं) समजलेल्या मुलाला हे लगेच उमगतं. उरतात त्या पाच रेघा आणि मात्रांच्या खुणा. रोज दहा मिनिटं दिली तर काही महिन्यांत त्या डोळ्यांना सरावतात.

"आपली विद्या गुरुमुखी, कागद कशाला" असं मला ऐकवणारे पालक आहेत. कुरुंदवाडला जन्मलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि स्वतःची स्वरलिपी केली. संगीतशास्त्रज्ञ विष्णु नारायण भातखंड्यांनी वेगळी केली. लिहिलेलं गाणं आपल्याला परकं नाही.

आणखी एक प्रश्न हळू आवाजात विचारला जातो: "ताई, लॅटिनमधल्या चर्चच्या प्रार्थना गायला लावतात, चालेल का?" क्वायरचं संगीत मोठ्या प्रमाणात चर्चमध्येच वाढलं, त्यामुळे ते येणारच. मिरजेला राहिलेल्या उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांनी भजनं गायली, मराठी पदं गायली. त्यांचं गाणं आपण डोक्यावर घेतलं. आपल्या मुलांनी दुसऱ्यांची प्रार्थना मनापासून गायली तर मला त्यात आनंदच आहे. आणि रागांवर बांधलेल्या रचनाही इथली क्वायर गातात, तेव्हा सरगमचे उच्चार वर्गाला शिकवायला आपलीच मुलं पुढे होतात.

मला राग येतो तो एकाच गोष्टीचा. खालच्या क्वायरमध्ये नाव आलं की "मग सोडून दे, त्यापेक्षा एपीचा एखादा विषय घे, जीपीए तरी वाढेल" (एपी म्हणजे कॉलेजच्या पातळीचे विषय, जीपीए म्हणजे गुणांची सरासरी) असं सांगितलं जातं. नववीतल्या मुलाला खालच्या क्वायरमध्येच तर वाचायला शिकवतात! तिथे एक वर्ष नीट काढलेली मुलं पुढच्या वर्षी वर जातात, ऑल-स्टेटच्या, म्हणजे राज्यभरातून निवडलेल्या क्वायरच्या फेऱ्यांना बसतात. त्या फेऱ्यांत परीक्षक पडद्याआड असतात, मुलाची ओळख म्हणजे फक्त एक क्रमांक, आणि सगळ्यांना तेच ठरलेलं संगीत. नाव नाही, चेहरा नाही. निवडली गेलेली मुलं फेब्रुवारीत सॅन अँटोनियोला एकत्र गातात. रंगभेदाची शंका असलेल्या पालकांनी तर मुलांना या फेऱ्यांना आवर्जून बसवावं.

माझ्यासारख्या शिकवणाऱ्या ताई-दादांना विनंती आहे: मुलींच्या वरच्या हलक्या आवाजाला वर्गात थोडा वेळ द्या, त्याने त्यांचा खयाल बिघडत नाही. आणि ज्यांच्या मुलांची नावं यंदा मनासारखी लागली नाहीत त्यांनी मला मेसेज करा. या उन्हाळ्यात शनिवारच्या वर्गानंतर वाचनाचा सराव घेणार आहे. फी नाही. फक्त पेन्सिल आणि वही घेऊन या.